चाक न लागलेली भाकर

वलगावच्या गोवर्धन माळ्याला मी पाहिलेलं नाही, तरी त्याच्यावर माझा राग आहे. तो माझ्या पणजीचा बाप. त्याला जाऊन किती वर्षं लोटली, पण आमच्या घराण्यात अजून पान वाढलं की एखादा म्हातारा हात आखडता घेतो आणि वाढणारीला विचारतो, "हे कोठून आलं?" वाढणारी बिचारी ओशाळते. ही खोड त्या गोवर्धनची. माणूस मरतो, खोड मरत नाही.

तो उंच, काटकुळा होता आणि डोक्यावर कायम चुंबळ असायची. ओझं नसलं तरी असायची. ओझ्याखाली ठेवायची ही फडक्याची वळकटी इतर लोक काम झालं की खुंटीला अडकवतात. गोवर्धन तिच्यावरच पागोटं बांधायचा, त्यामुळे लग्नाकार्यात तो चार बोटं आणखी उंच दिसायचा. वलगावाला त्याची बाडी होती. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, अंबाडी, मिरची निघायची आणि पलीकडं काळ्या वावराचा एक तुकडा ज्वारीचा. भाजी अमरावतीच्या बाजारात जायची. तीन कोस अंतर. पूर्वी ती बंडीनं जायची, म्हणजे बैलगाडीनं. बंडी का सुटली, तेच आधी सांगितलं पाहिजे.

कापसाचा भाव चढू लागला त्या पहिल्या वर्षी गोवर्धन भाजी घेऊन अमरावतीला गेला होता. बाजारात कापूसवाल्यांची जत्रा. त्यांच्यासाठी हलवायांनी नवी दुकानं मांडली होती आणि तुपाचे डबे, साखरेची पोती, तांदळाची पोती कुठून कुठून बंड्या भरून येत होती. गोवर्धननं तिथं जिलबी खाल्ली, वरून गोड भात खाल्ला आणि बंडीत बसून निघाला. अर्ध्या वाटेवर पोटात कळ आली. घरी पोचला तेव्हा बैल त्याला घेऊन आले होते, तो बैलांना नाही. पाच दिवस तो अंथरुणातून उठला नाही. सहाव्या दिवशी उठून बसला आणि बायकोला, वच्छलेला, म्हणाला, "मले समजलं."

"काय समजलं?"

"अन्न हिंदकळलं की बिघडते. बंडीत दहा-दहा, ईस-ईस कोस हिंदकळत येते, मंग पोटात गेल्यावरही ते हिंदकळतच राह्यते. दोष जिलबीचा नोय. दोष चाकाचा हाये."

जिलबी तीन पाव खाल्ली होती, हे तो कोणाला सांगत नसे. ते वच्छलेनं सांगितलं.

त्या दिवसापासून त्याचा नेम ठरला: जे अन्न चाकावरून आलं ते तोंडात घ्यायचं नाही. पायी आलेलं, डोक्यावर आलेलं, कडेवर आलेलं चालेल. उत्तम म्हणजे आपण उगवताना पाहिलेलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं बंडी विकली आणि भाजीच्या पाट्या डोक्यावरून न्यायला लागला. एक पाटी त्याच्या डोक्यावर, एक वच्छलेच्या. "माया बापानं मले बैलाच्या घरी दिली असती," वच्छला म्हणायची, "तर बैलानं बंडी तरी ओढली असती." पण तीही रोज तीन कोस जायची, तीन कोस यायची, आणि मला वाटतं राग तिचा खरा असला तरी पाय गोवर्धनच्या बाजूचे होते.

गावचे पाटील उत्तमराव मोठे चौकस. त्यांनी एकदा पारावर चार लोकांसमोर त्याला गाठलं. "गोवर्धन, तुयी जवारी जात्यावर दळते ना? जातं म्हंजे चाकच. मोटेचं पाणी चाकावरून येते. पाणी भरते त्या माठाले कुंभारानं चाकावर काढलं. मंग तू खातेस तरी काय?"

गोवर्धननं विचार करायलाही वेळ घेतला नाही. "पाटील, जाग्यावर फिरते ते चाक घरचं. गाव सोडून पळते ते चाक परक्याचं. परक्याच्या हातचं मी काहून खाऊ?"

पाटील उत्तर शोधतच घरी गेले.

कापसाचा भाव चढत होता, कारण साता समुद्रांपलीकडं कुठंतरी दोन भाऊ भांडले, लढाई जुंपली आणि तिथला कापूस निघेना झाला. भांडले ते, वेड लागलं वऱ्हाडाला. ज्याला त्याला कापूस. ज्वारी मोडली, तूर मोडली, लोकांनी अंगणात पऱ्हाटी लावली. एकानं परसातलं लिंबाचं झाड तोडून तिथं चार झाडं कापसाची लावली आणि रोज सकाळी ती मोजायचा. गावच्या मारुतीभोवती फिरायला वाट उरली नाही. प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या धोतराला बोंडं चिकटून यायची. घराघरात बंडीनं आणलेला तांदूळ, बंडीनं आणलेली साखर. भाकर खाणं लाजेचं झालं. कोणाकडं भाकर थापल्याचा आवाज आला तर शेजारीण विचारायची, "काय गं, बरं नाई काय घरात?"

या गडबडीत गोवर्धनची एकुलती एक लेक सत्यवती सोळा वर्षांची झाली. त्या काळी हे वय म्हणजे दोन पोरांच्या आईचं. पण स्थळ आलं की बाप मुलाचं नाव-गाव विचारायच्या आधी विचारायचा, "तुमच्या घरची जवारी कोठून येते?" पाहुणे फुशारकीनं सांगायचे की आमी जवारी खातच नाई, आणि गोवर्धन त्यांना पाणी देऊन वाटेला लावायचा. अशी अकरा स्थळं परतली. बारावं आलं हिवरखेडच्या किसनरावांचं, तेही माळीच. मुलगा शालिकराम स्वतः बापाबरोबर आला होता. तो जेवायला बसला, अडीच भाकरी खाल्ल्या, बुक्कीनं कांदा फोडला आणि आणखी मिरची मागितली. किसनरावांच्या वावरात तेव्हा ज्वारी उभी होती. गोवर्धनला आणखी काय पाहिजे होतं? त्यानं जागच्या जागी होकार दिला. पुढच्या पावसाळ्यात किसनरावांनी ती ज्वारी, मिरचीची बाडी आणि दारची तुळस काढून सगळीकडं कापूस पेरला, हे त्याला कळलं नाही.

वैशाखात वऱ्हाड वलगावला आलं तेव्हा किसनराव ओळखू येत नव्हते. बोटांत अंगठ्या, पोट पुढं, आणि बंडीच्या दोन्ही चाकांना लोखंडाच्या धावेऐवजी चांदीची धाव. बंडीत तांदूळ, साखर आणि तूप. व्याह्याकडं भाकर मिळणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून त्यांनी वऱ्हाडाचं जेवण बरोबर आणलं होतं.

गोवर्धन मांडवाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. "इवाई, तुमी आत या. बंडीतलं येणार नाई." आमच्या वऱ्हाड प्रांतात व्याह्याला इवाई म्हणतात, आणि हा शब्द इतक्या थंडपणे कोणी कोणाला म्हटला नसेल.

"माया वऱ्हाडानं भाकर खाऊ काय?" किसनराव म्हणाले.

"तीस कोस हिंदकळलेलं अन्न लेकीच्या लग्नात वाढू काय?"

"मंग वऱ्हाड आत येणार नाई."

माणसं उन्हात उभी. नवरदेव घोड्यावर घामानं भिजलेला. आत वच्छलेचा जीव टांगणीला. अकरा स्थळं घालवल्यावर बारावं मांडवाच्या दारातून परत गेलं असतं तर पोर जन्मभर घरात राहिली असती. तिनं उत्तमराव पाटलांना निरोप धाडला, की काही करा पण हे लग्न लावा.

पाटलांना चाकाचं उत्तर इतक्या दिवसांनी सुचलं. ते म्हणाले, "चाकाचा दोष लागला हे मान्य. पण लागलेलं सुतक फिटते तर हा दोषही फिटला पायजे. जितकं चाकावर आलं तितकं खांद्यावर फिरवा, म्हंजे उतरला."

हे ऐकून गोवर्धन विचारात पडला. त्याच्याच तर्कशास्त्राची ही पुढची पायरी होती, नाही म्हणायला जागा नव्हती. किसनरावांना फक्त एवढं कळलं की साखरभात होणार. तीस कोस फिरवणं शक्य नव्हतं, म्हणून कापसाच्या बाजारात करतात तशी घासाघीस झाली. गोवर्धन तिसावरून अकरावर आला, किसनराव शून्यावरून अर्ध्यावर, आणि शेवटी गावाभोवती पाच फेऱ्यांवर सौदा ठरला.

मग बंडीची चाकं काढली. सोळा वऱ्हाड्यांनी, नव्या धोतरांत आणि जरीच्या पागोट्यांत, भरली बंडी खांद्यावर घेतली. चांदीची चाकं मागं सोडवेनात, म्हणून ती चौघांनी डोक्यावर घेतली. बैल रिकामे होते, त्यांना झुली घालून पुढं चालवलं. ते सारखे मागं वळून पाहत होते. वाजंत्र्यांना काही कळेना तेव्हा त्यांनी सनई लावली. दुसऱ्या फेरीला वेशीजवळ एका आजीनं बंडीपुढं नारळ फोडला आणि पाया पडली. तिसऱ्या फेरीला तिच्यामागं आणखी दहा जणी उभ्या होत्या. चौथ्या फेरीला किसनरावांनी स्वतः खांदा दिला, कारण दोन वऱ्हाडी आडवे झाले होते. मांडवात बसलेली नवरी हे सगळं ऐकत होती आणि मुंडावळ्यांच्या आड हसत होती. त्या दिवशी हसणारी ती एकटीच, असं ती पुढं अभिमानानं सांगायची.

पाच फेऱ्या झाल्या. दोष उतरला. पण तांदूळ शिजायला घंटा दोन घंटे लागणार होते आणि वऱ्हाडाच्या नाकात भाकरीचा वास शिरला होता. वच्छलेनं थांबून पाहिलंच नाही. पत्रावळी मांडल्या, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, ठेचा, गरम भाकर वाढायला घेतली. रीत अशी, की दोन्ही व्याह्यांनी एका ओळीत बसून एकदम घास घेतल्याशिवाय पंगत हात लावत नाही. दोनशे माणसं किसनरावांच्या तोंडाकडं पाहत बसली. त्यांनी डोळे मिटले, औषध घ्यावं तसा एक घास घेतला, आणि वऱ्हाड तुटून पडलं. संध्याकाळी साखरभात शिजला तेव्हा तो खायला जागं कोणी नव्हतं.

किसनरावांना हा अपमान फार लागला. लेकीला निरोप देताना वच्छला रडत होती तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगी आता माया घरची हाये. माया चुलीवर भाकर थापल्या जाणार नाई. हा माया शब्द हाये."

चांदीच्या चाकांची बंडी सत्यवतीला घेऊन गेली. ती दिसेनाशी झाली तरी गोवर्धन वेशीत उभा होता. त्या दिवशी त्याला चाकाचा राग आला तो पोटदुखीपेक्षा खरा होता.

हिवरखेडला सत्यवतीनं साखरभात खाल्ला, तुपातली बुंदी खाल्ली, आणि पहिले काही महिने तिला बरंही वाटलं. खोटं कशाला सांगू? पण पुढच्या फाल्गुनात दिवस राहिल्याचं कळलं आणि त्या घरचं अन्न तिच्या पोटात ठरेना. तांदूळ जुना, कुबट. कापसाच्या पोत्यांत पडून पडून त्याला सरकीचा वास. भाजी नाहीच, कारण दोन-दोन कोसांत कोणी भाजी लावली नव्हती. तिला डोहाळे लागले ते गरम भाकर, अंबाडी आणि ठेच्याचे. ती वाळत चालली. नवरा शालिकराम मनानं चांगला, पण बापापुढं त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, तर किसनराव म्हणाले की माया नातवाच्या तोंडात जन्मतानी भाकर जायाले नको, बाळंतपण इथंच होईल.

वलगावला निरोप आला. गोवर्धननं वच्छलेकडून ज्वारी दळून घेतली, वाळवलेली अंबाडी, मिरच्या, मीठ, लहान तवा असं गाठोडं बांधलं, चुंबळीवर ठेवलं आणि निघाला. पूर्णा ओलांडून, अंजनगाव, अकोट करत, तीस कोस. चार दिवस लागले. वाटेत भेटलेल्या दोन बंडीवाल्यांनी बसायला सांगितलं. त्यानं त्यांना चाकाविषयी सांगितलं. तिसरा बंडीवाला थांबलाच नाही.

आता अडचण अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, तिच्या गावचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. ही काही गोवर्धनची खोड नव्हे, ही सगळ्यांची रीत. म्हणून त्यानं अलीकडच्या खेड्यात तुंबा भरून घेतला आणि हिवरखेडच्या शिवेवर, विहिरीच्या वाटेला, एका कडुनिंबाखाली तीन दगडांची चूल मांडली. जन्मात त्यानं भाकर थापली नव्हती. पहिल्या भाकरीला सातपुड्यासारखे चढउतार होते. सत्यवती घागर घेऊन पाण्याला आली, बापाला पाहिलं, भाकर पाहिली, आणि तिथंच खाली बसली.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"खाय. कच्ची हाये मधात, कडा खाय."

तिनं कडाही खाल्ल्या आणि मधलंही खाल्लं. पोटात ठरलं. गोवर्धन तिच्याकडं पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो म्हणाला, धूर फार हाये. ती म्हणाली, हो.

मग तो दर महिन्याला येऊ लागला. चार दिवस येणं, तीन दिवस कडुनिंबाखाली, चार दिवस जाणं. भाकर सुधारली. पुढच्या खेपेपर्यंतचं पीठ तो सत्यवतीच्या घागरीत घालून द्यायचा. सासू न पाहिल्यासारखं करायची आणि कामगारांच्या चुलीवर ते थापू द्यायची. घरच्या चुलीवर थापलं नाही म्हणजे नवऱ्याचा शब्द मोडला नाही. त्याबद्दल ती चतकोर भाकर वसूल करायची.

एक दिवस किसनराव चांदीच्या चाकांच्या बंडीत बसून तिथं आले. "इवाई, माया गावात चूल मांडली तुमी?"

"गावात नाई. शिवेवर हाये."

"माया सुनेले चोरून चारून राहिले."

"चोरून काहून? धूर तर अकोटातून दिसते."

किसनराव खाली उतरले. गेली दोन वर्षं साखर आणि तूप खाऊन त्यांचं पोट असं काही बांधलं गेलं होतं, की वैद्यांच्या पुड्या त्यात जायच्या आणि तिथंच राहायच्या. ते भाकरीकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "दाखवा बरं, काय चारता ते." अर्धी भाकर खाल्ली. "मीठ कमी हाये." मिठाची खात्री करायला उरलेली अर्धी खाल्ली. पुढच्या खेपेला ते पायी आले, आणि गोवर्धनकडं पाठ करून बसले. समोरासमोर बसलं असतं तर पंगत झाली असती, आणि पंगत झाली असती तर माघार. दोन व्याही एका झाडाखाली दोन दिशांना तोंडं करून जेवले. वैद्याच्या पुड्या बंद झाल्या, हे किसनरावांनी कोणाला सांगितलं नाही. गावाला आपोआप कळलं.

त्या उन्हाळ्यात समुद्रापलीकडचे भाऊ समेटाला आले आणि कापूस धाडकन खाली आला. ज्यांनी तुळशीसुद्धा काढल्या होत्या ते दारात बसून पऱ्हाट्यांकडं पाहू लागले. मला त्यांची दया येते, पण थोडी. हिवरखेडात पेरायला ज्वारीचं बी उरलं नव्हतं, तेव्हा पावसाळ्यात लोकांनी पुन्हा कापूसच पेरला. दुसरं करणार काय? भाद्रपदात सत्यवतीला मुलगा झाला. गोवर्धनला आता लेकीच्या घरी जेवायची मोकळीक झाली. सव्वा महिना झाला, सत्यवती चुलीजवळ आली, आणि तिनं बापाला निरोप पाठवला: जेवाले या.

निरोप गेल्यावर किसनराव अस्वस्थ झाले. घरात चाकाच्या तांदळाशिवाय काही नव्हतं. इवाई ते खाणार नाही, न जेवता उठून जाईल, आणि बाळंतपणातून उठलेल्या सुनेच्या तोंडावर काय दिसेल ते त्यांना आधीच दिसायला लागलं. एवढा ताठ माणूस. पण तो तिच्याकडं पाहत होता, हे कबूल केलं पाहिजे. व्याही यायच्या दिवशी पहाटेच ते बंडी जुंपून अकोटला गेले, आणि बाजारात ज्वारी घेऊन बसलेल्या प्रत्येकाला विचारू लागले, "हे कोठून आलं?" लोक हसले. सात जण बंडीवाले निघाले. शेवटी गावाबाहेर एक बाई भेटली. ज्वारी घरामागच्या वावरातली, डोक्यावरून आणून पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, भरलेली. किसनरावांनी पोतं घेतलं, बंडीकडं पाहिलं, आणि पोतं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. गड्याच्या डोक्यावर दिलं असतं तर त्यानं वाटेत बंडीत टाकलं असतं, याची त्यांना खात्री होती. सहा कोस ते पोतं घेऊन चालले. रिकामी बंडी मागून येत होती. बैलांना आता या घराण्याची सवय झाली होती.

इकडं गोवर्धन निघाला तो भरलं गाठोडं घेऊन. पण परतीचा पाऊस झाला होता, पूर्णेला पाणी होतं, आणि गळ्याइतक्या पाण्यात गाठोडं सुटलं. त्यानं हात मारला, हातात चुंबळ आली. तवा, ज्वारी, अंबाडी पूर्णेत गेली. दोन दिवस त्यानं वाटेत मागून, विचारून, चालत आणलेलं मिळेल तेवढंच खाल्लं. म्हणजे जवळजवळ काही नाही.

तो दारात आला तेव्हा डोक्यावर रिकामी चुंबळ होती. अंगणात चांदीच्या चाकांची बंडी सोडलेली, चाकांना ओला चिखल, बैलांच्या अंगाला घाम, आणि उंबऱ्याशी ज्वारीचं पोतं. किसनराव तासाभरापूर्वी पोचले होते आणि सासूनं लगेच थोडी ज्वारी दळून दिली होती. किसनराव मान धरून ओसरीवर बसले होते. गोवर्धननं बंडी पाहिली, पोतं पाहिलं. त्याला जे समजायचं ते समजलं. आतून भाकर थापल्याचा आवाज येत होता. घरच्या चुलीवर.

त्यानं पाय धुतले, नातवाला घेतलं, परत दिलं, आणि पाटावर बसला. किसनराव त्याच ओळीत बसले, तोंड एकाच दिशेला. सत्यवतीनं भाकर वाढली. बाप काय विचारणार हे तिला माहीत होतं, उत्तर काय द्यायचं हेही माहीत होतं. किसनरावांनी तर ते उत्तर वाटेत सहा कोस घोकलं होतं.

गोवर्धननं भाकर मोडली. घास घेतला. काही विचारलं नाही.

किसनराव खाकरले. गोवर्धननं पहिली भाकर संपवली, दुसरी घेतली. किसनरावांनी मान चोळली, कण्हले, पुन्हा मान चोळली. शेवटी त्यांना राहवेना. "इवाई, काई इचाराचं हाये काय?"

"हाव," गोवर्धन म्हणाला.

सत्यवतीचा हात परातीत थांबला. शालिकराम दारात उभा राहिला.

"आणखी एक हाये काय?"

तिनं तिसरी वाढली. किसनराव रडकुंडीला आले. "कोठून आली ते इचारा ना!"

"ठाव हाये मले."

"कोठून?"

गोवर्धननं भाकरीचा तुकडा धरलेला हात लेकीकडं केला. "हिच्या हातून."

किसनरावांनी सांगायला तोंड उघडलं. सत्यवतीनं त्यांच्याकडं पाहून मान हलवली. ते तिच्याकडं पाहत राहिले, मग उघड्या तोंडात त्यांनी घास घातला. आठ दिवस त्यांची मान वळली नाही, पण तिचं कारण त्यांनी गोवर्धनला कधी सांगितलं नाही. इतकी मोठी गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे त्या माणसाचं काय झालं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

गोवर्धन पुढं वीस वर्षं जगला. वलगावाच्या बाडीतलं खायचा, अमरावतीला पाटी डोक्यावरून न्यायचा, आणि बडनेऱ्याला आगगाडी आली तेव्हा ती पाहायलाही गेला नाही. आपण जन्मात एकदाच, लेकीच्या घरी, चाकावरची भाकर खाल्ली, असंच तो मरेपर्यंत समजत होता.

म्हातारपणी सत्यवतीला नाती विचारायच्या, की खरं काहून नाई सांगितलं, तुया बाबाचा नेम तर मोडलाच नव्हता. ती म्हणायची, "सांगितलं असतं तर त्यानं मायासाठी काईच सोडलं नसतं. ते मले पायजे होतं." मग ती समोर वाढलेल्या ताटाकडं पाहायची आणि सुनेला विचारायची, हे कोठून आलं.